नंतर सरांची सही

आमच्या वहिनीला राग येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. बावीस वर्षं आम्ही एका घरात राहतो. वाणी मापात मारतो, शेजारीण हिच्याच दोरीवर आपले कपडे वाळत घालते, आमचा दादा रोज ओला टॉवेल पलंगावर टाकून जातो, आणि ही म्हणते, "जाऊ दे गं." मग तिच्या वाट्याचा राग मला करावा लागतो. माझा स्वतःचा मुळात काही कमी नाही. दोघींचा मिळून जो साठतो तो कुठेतरी निघायला हवा, म्हणून लिहायला बसले.

मी तिची नणंद. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहते, आणि कचेरीच्या दाराशी टेबल-खुर्ची टाकून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करून देते. दिवसाला पन्नासएक सह्या माझ्या डोळ्यांखालून जातात. दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दादा-वहिनीला मूल नाही. त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका.

वहिनी विज्ञान शिकवते. पदवी आहे, शिकवण्याची वेगळी पदवी आहे, दोन्हींत पहिला वर्ग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी ती शाळेत नोकरी मागायला गेली तेव्हा शिक्षकाची जागा रिकामी नव्हती, प्रयोगशाळा सहायकाची होती. "आत्ता ही घ्या, पुढच्या वर्षी जागा निघाली की तुम्हीच," असं तिला सांगितलं. पुढचं वर्ष एकोणीस वेळा आलं आणि गेलं. मधल्या काळात दोन जागा निघाल्या, त्या कुणाच्या तरी भाच्याला आणि कुणाच्या तरी सुनेला मिळाल्या. वहिनी म्हणाली, "जाऊ दे गं."

विज्ञानाचे खरे शिक्षक, म्हणजे कागदावरचे, आणि विभागप्रमुखही, ते म्हणजे मुलं ज्यांना 'नंतर सर' म्हणतात ते. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, "नंतर." सर मनाने वाईट नाहीत असं वहिनी सांगते. माझं म्हणणं, वाईट व्हायलासुद्धा थोडे कष्ट पडतात, ते कोण घेणार?

पहिल्याच वर्षी हे सर स्कूटरवरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तीन महिने त्यांचे तास वहिनीने घेतले. टाचण, म्हणजे वर्गात काय शिकवणार ते आदल्या दिवशी लिहून ठेवायची वही, तेही तिनेच लिहिलं. गुणपत्रकांवर, प्रयोगवह्यांवर विभागप्रमुखाची सही लागते, ती सरांच्या सांगण्यावरून हिने ठोकली. "माझ्यासारखीच करा, कोण बघतंय," असं सर म्हणाले. मग प्लास्टर निघालं. दुसरं काहीच निघालं नाही. सरांना आराम मानवला आणि हिला भीड पडली. तेव्हापासून आजवर तास हिचे, टाचण हिचं, सही हिची, आणि आयत्या बिळावर नागोबा खुर्चीत बसून पेपर वाचणार. पगाराच्या रजिस्टरवर मात्र सर न विसरता स्वतः सही करत, तिथे त्यांचा हात कधी दुखला नाही.

गेल्या वर्षी वहिनीने कुणाला न सांगता परदेशातल्या एका शाळेत अर्ज केला. मला तर ती मुलाखतीच्या आदल्या दिवशी म्हणाली, "उद्या दुपारी स्वयंपाकघर लागेल मला अर्धा तास." त्या लोकांनी कॉम्प्युटरवरून धडा घेऊन दाखवायला सांगितला होता. तिने ओट्यावर एक पितळी पातेलं, एक मातीचं मडकं, एक काचेचा पेला मांडला, तिघांत गरम पाणी ओतलं आणि कुठल्या भांड्याला हात लावता येईल, कुठल्याला नाही आणि का, एवढंच शिकवलं. दादा पलीकडच्या खोलीत हातात पाना धरून उभा होता, आवळायचं काही नव्हतं, नुसता उभा. कॉम्प्युटरवरच्या बाई धडा संपल्यावर दोन मिनिटं प्रश्नच विचारत राहिल्या, तपासणीचे नव्हेत, खरोखर पडलेले. आठवड्याभरात निवडीचं पत्र आलं. मागोमाग त्यांनी तिच्या वर्गाची प्रात्यक्षिकाची गुणपत्रकं नमुन्यादाखल मागवली, ती पाच पत्रकं तिने पाठवली.

तिकडे पंचेचाळिशीनंतर नवीन शिक्षक घेत नाहीत. हिला पंचेचाळीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. इकडे राजीनामा दिलेला, तो मंजूर झालेला, शुक्रवार शाळेतला शेवटचा दिवस, रविवारी सकाळी विमान. म्हणजे तिकडचं बिनसलं तर इकडचंही गेलेलं. हा त्या आठवड्याचा हिशेब होता आणि तो घरात तिघांनाही पाठ होता.

सोमवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दादाने दुकानातून आकड्याचा तराजू आणला होता आणि दर तासाला बॅग लटकवून वजन सांगत होता, जणू बॅग आपोआप जेवते आहे. वहिनीने स्वेटर काढले की दादा एक पक्कड आणि दोन स्क्रूड्रायव्हर आत सरकवायचा. "तिकडे वेळेला मिळत नाही," म्हणे. ती मुकाट्याने पक्कड बाहेर काढायची. त्या गोंधळात मेल आली. सगळे कागद मिळाले, एकच राहिला: किमान दहा वर्षं प्रत्यक्ष वर्गात विज्ञान शिकवल्याचं, विभागप्रमुखाच्या सहीचं पत्र. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल.

"हे तू मागितलं नव्हतंस का?" मी विचारलं.

"तीन आठवडे मागतेय."

"मग?"

"नंतर म्हणाले."

मंगळवारी सरांनी पत्र दिलं. वहिनी घरी आली, पर्स टेबलावर ठेवली, पत्र माझ्या हातात दिलं आणि बॅगेतले कपडे पुन्हा घड्या घालत बसली. शाळेच्या शीर्षपत्रावर चार ओळी. सदर कर्मचारी एकोणीस वर्षे प्रयोगशाळा सहायक पदावर असून उपकरणांची स्वच्छता व देखभाल समाधानकारकरीत्या पार पाडली आहे. वर्तणूक चांगली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. एकोणीस वर्षांत या गावातल्या निम्म्या पोरांना आम्ल आणि अल्क हिने शिकवलं. आमच्या गल्लीतला डॉक्टर हिचा विद्यार्थी, औषधवाला हिचा विद्यार्थी, दादाच्या दुकानात पंक्चर काढणारा तो पदवीधर तोही हिचाच. आणि पत्रात काय, तर बाटल्या छान धुते.

"तू काय म्हणालीस त्यांना?"

"म्हटलं, सर, यात शिकवल्याचं नाही. तर म्हणाले, बाई, कागदावर जे आहे तेच मी लिहू शकतो."

बुधवारी मी टेबल बंद ठेवलं आणि शाळेत गेले. सर स्टाफरूममध्ये होते. टेबलावर पेपर, पेपरावर चष्मा, चष्म्यावर पंख्याची हवा. मी ओळख दिली. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवू का विचारलं. गोड बोलणारा माणूस, भांडायला धरायला जागाच ठेवत नाही.

"सर, विज्ञान कोण शिकवतं?" मी विचारलं.

"विभाग शिकवतो."

"विभागात कोण कोण आहे?"

"मी आहे. बाई मदतीला असतात."

"दहावीचा तास सध्या कुठल्या धड्यावर आलाय?"

सरांनी चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. "हे बघा ताई," ते म्हणाले, "तुमचा राग मला कळतो. पण मी लिहून दिलं की त्यांनी शिकवलं, तर उद्या कुणी विचारेल की मग मी काय करत होतो. माझी निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे. टाचण तपासा, माझ्या नावाचं आहे. गुणपत्रकं तपासा, सही माझी आहे. बाईंच्या नावाचा एक कागद दाखवा, मी लगेच पत्र देतो."

हे ते शांतपणे, समजावून सांगितल्यासारखे बोलले. आणि खरंच, एकही कागद नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशानेच दोर वळून दिला होता, तोही सुबक अक्षरात.

घरी येऊन मी सगळा राग वहिनीवर काढला. खोटं कशाला बोलू, सरांवर जेवढा आला होता त्याहून जास्त तिच्यावर आला होता. सर लबाड होते, लबाडाकडून माझी काही अपेक्षा नव्हती.

"कोणी सांगितलं होतं तुला त्यांच्या नावाने लिहायला? प्लास्टर तीन महिन्यांचं होतं. पुढची अठरा वर्षं नऊ महिने काय मोडलं होतं त्यांचं?"

"मुलांचे तास बुडत होते गं."

"तास घे. सही कशाला केलीस?"

"ते म्हणाले करा, मी केली. एकदा केली की दुसऱ्यांदा नाही म्हणायला तोंड राहत नाही."

"भीड भिकेची बहीण, वहिनी. घे आता भीक. बाटल्या छान धुतेस म्हणून पत्र मिळालंय."

दादा म्हणाला, "पुरे." मी पुरे केलं नाही. मी म्हणाले की हिच्यासारख्या बायकांमुळेच असल्या माणसांचं फावतं, की हिला चांगली म्हणवून घ्यायची हौस आहे, की ही तिकडे जाऊनसुद्धा कुणाच्या तरी नावाने फळा पुसत बसेल. शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. वहिनीने हातातला स्वेटर खाली ठेवला आणि ते पत्र पुन्हा वाचायला घेतलं. दोनदा वाचलं. मग घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"उद्या दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा आहे," ती म्हणाली. "बाहेरून परीक्षक येणार आहेत."

"जाऊ नकोस. घेऊ दे त्यांना."

"नाही, जाते. या पत्रात लिहिलंय ते काम करते."

मला तेव्हा कळलं नाही. गुरुवारी दुपारी ती आली तेव्हा तिने सांगितलं, आणि संध्याकाळी शाळेच्या शिपाईमामांनी दादाच्या दुकानात येऊन तेच पुन्हा, हातवारे करून सांगितलं.

वहिनी नेहमीच्या वेळेला प्रयोगशाळेत गेली. परीक्षानळ्या धुतल्या, बर्नर पुसले, ओटे कोरडे केले. मग हात मागे बांधून भिंतीशी उभी राहिली. बाराला परीक्षा, साडेअकराला सर आले, सगळं मांडलेलं असेल या भरवशावर. ओटे चकचकीत होते आणि रिकामे होते.

"बाई, द्रावणं कुठायत?"

"कपाटात, सर."

"मांडली नाहीत?"

"कुठल्या मुलाला कुठलं द्यायचं ते शिक्षक सांगतात, सर. तुम्ही सांगा, मी बाटली आणून देते."

सरांनी कपाट उघडलं. आत चाळीस बाटल्या, एकोणीस वर्षांत ज्यांना सरांनी हात लावला नव्हता. त्यांनी एक उचलली, चिठ्ठी वाचली, परत ठेवली. दुसरी उचलली. बाहेर व्हरांड्यात मुलं रांगेत उभी होती. शिपाईमामा म्हणाले की सरांच्या शर्टाची पाठ आमच्या डोळ्यांदेखत भिजत गेली. पावणेबाराला गेटवर परीक्षकांची गाडी लागली.

"बाई," सर म्हणाले, "असं करू नका."

वहिनीने पर्समधून पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. "सर, स्वच्छता झाली आहे. समाधानकारक आहे का बघा."

सर धावले. ऑफिसातून शीर्षपत्र घेऊन आले, व्हरांड्यातल्या खिडकीच्या कठड्यावर टेकवून स्वतःच्या हाताने लिहिलं: एकोणीस वर्षे माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवले, प्रात्यक्षिके घेतली, निकाल उत्कृष्ट. खाली सही केली, शिक्का मारला. वहिनीने वाचलं, पर्समध्ये ठेवलं, आणि दहा मिनिटांत सगळे ओटे मांडून मुलांना आत घेतलं. परीक्षा नीट पार पडली. परीक्षकांनी जाताना सरांचं अभिनंदन केलं, ते सरांनी घेतलं.

गुरुवारी आमच्या घरात सण असल्यासारखं वाटत होतं. दादाने बॅगेचं वजन करणं बंद केलं. मी कागद स्कॅन करून पाठवला आणि वहिनीला म्हटलं, "काल बोलले ते विसर." ती म्हणाली, "जाऊ दे गं." पहिल्यांदा मला ते शब्द बरे वाटले. आणि त्याच भरात मी चूक केली. दिवसाला पन्नास सह्या बघणारी बाई मी. ते पत्र मी हातात धरलं, यंत्रावर ठेवलं, झाकण लावलं, आणि सहीकडे बघितलंच नाही.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. पत्रावरची विभागप्रमुखांची सही आणि आपण पूर्वी पाठवलेल्या पाच गुणपत्रकांवरची विभागप्रमुखांची सही एकाच व्यक्तीची वाटत नाही. पत्र बनावट असल्याची शंका आहे. पाचपर्यंत सही जुळणारं पत्र आलं नाही तर निवड रद्द समजावी.

मी ते दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या लोकांची काय चूक? बरोबर ओळखलं त्यांनी. दोन सह्या दोन माणसांच्याच होत्या. पगाराच्या रजिस्टरबाहेर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सरांनी खऱ्या मजकुराखाली खरी सही केली आणि तीच खोटी ठरली.

वहिनी शाळेतच होती, शेवटचा दिवस म्हणून किल्ल्या सोपवत होती. मी लॅपटॉप उचलला आणि रिक्षा केली. प्रयोगशाळेत पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. मी मेल दाखवली. वहिनीने सरांना बोलावलं. सरांनी मेल वाचली, मग गुणपत्रकांची प्रत बघितली, मग आपलं पत्र. दोन्ही शेजारी ठेवल्यावर आंधळ्यालाही दिसावं. गुणपत्रकांवरच्या, म्हणजे वर्षानुवर्षं हिच्या हातात वळण बदलत गेलेल्या, सहीला सुरुवातीला मोठा, मोकळा फाटा होता, मध्ये दोन उंच टोकं, शेवटी खाली ओढलेली लांब रेघ. पत्रावरची सही आखडलेली, डावीकडे कललेली, कोणीतरी पाय दिल्यासारखी.

"यात काय एवढं," सर म्हणाले. त्यांना खरोखरच हलकं वाटलेलं दिसलं. "शीर्षपत्र देतो नवीन. बाई, मजकूर तोच लिहा आणि सही करून टाका. रोज करताच की."

आणि मी, जी बुधवारी तिला सहीवरून वाटेल ते बोलले होते, ती मी म्हणाले, "कर वहिनी. पावणेचार झाले."

वहिनीने आमच्या दोघांकडे बघितलं. तिचा चेहरा मी बावीस वर्षं ओळखते, तो मला ओळखता आला नाही.

"नाही," ती म्हणाली.

"अहो बाई, वेळ कुठे आहे?"

"ही सही मी करणार नाही, सर. मी शिकवलं म्हणून तुम्ही सांगायचं आहे. ते मीच सांगितलं तर ते पत्र बनावटच झालं, ते लोक म्हणतात तसं. एकोणीस वर्षं तुमची खोटी सही मी खरी करून ठेवली. आता तुम्ही ती खरोखर करायची."

"मला येत नाही ती," सर म्हणाले.

"शिकवते," वहिनी म्हणाली. "बसा."

सर विद्यार्थ्यांच्या स्टुलावर बसले. त्या ओट्यापुढे खुर्ची नसते, स्टूलच असतं, आणि ते खुर्चीची सवय असलेल्या माणसाला गैरसोयीचंच पडतं. वहिनीने वहीचे चार कागद फाडून पुढे ठेवले. एक सही करून दाखवली, सावकाश, कुठून उचलायचं आणि कुठे दाबायचं ते बोलत. सरांनी केली. फाटा बारीक आला.

"पुन्हा."

पुन्हा केली. टोकं आडवी पडली.

"हात मोकळा सोडा. मनगटातून नाही, खांद्यातून. पुन्हा."

एक पान भरलं. दुसरं निम्मं भरलं. सरांच्या कपाळावरून घाम ओट्यावर पडत होता. मध्येच त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, "बाई, थोड्या वेळाने..."

"नंतर नाही," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही, पण दारातले शिपाईमामा तिथून निघून गेले. "एकोणीस वर्षं मी ऐकलं हे, सर. माझी जागा नंतर. माझं नाव वेळापत्रकात नंतर. माझ्या आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा रजा मागितली, तीही नंतर, तुमचा एक तास कोणी घ्यायचा म्हणून. मी तास घेतला आणि दवाखान्यात पोचले तेव्हा आई नव्हती. मला तुमचा राग येतो, सर. रोज यायचा. तुमच्या नावाने लिहिताना प्रत्येक वेळी यायचा. पेन उचला."

हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या आईच्या वेळी ती उशिरा पोचली एवढंच आम्हाला माहीत होतं, रस्त्यात गाडी बंद पडली असं तिने सांगितलं होतं. मी बावीस वर्षं समजत होते की हिला राग येत नाही आणि तो करण्याचं काम माझं आहे.

सरांनी पेन उचललं. चार वाजून पाच मिनिटांनी शीर्षपत्रावर पहिली सही केली, ती चुकली. मजकूर लिहिण्यासकट नवा कागद. वीस मिनिटांनी दुसरी, शेवटची रेघ कापली. ऑफिसात तिसरा एकच कोरा कागद उरला होता, बाकीचे छापायला गेले होते. सरांनी मजकूर लिहिला. मग सहीच्या जागी पेन टेकवायच्या आधी वहिनीने त्यांना थांबवलं आणि रफ कागदावर आणखी दहा वेळा काढायला लावली. सातव्या वेळेपासून ती जुळायला लागली. दहावी झाल्यावर ती म्हणाली, "हं, आता."

चार बावन्नला मी फोनवर फोटो काढून पत्र पाठवलं. आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो. सर स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत. पाच वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. पत्र स्वीकारलं. सोबत करार जोडला आहे, प्रत्येक पानावर पूर्ण नावाची सही करून उद्या दुपारपर्यंत पाठवावा. स्वागत आहे.

सरांनी वहिनीला नमस्कार केला. खरंच केला, हात जोडून. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या सर. तिने नुसता किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि आम्ही निघालो.

शनिवारी सकाळी मी कराराची आठ पानं छापून आणली. दादा बॅगेला दोरी बांधत होता, पक्कड शेवटी आत गेलीच होती. वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसली, पहिलं पान सरळ केलं आणि सही केली. म्हणजे करायला घेतली. पेन टेकलं आणि मोठा, मोकळा फाटा उमटला, मग पहिलं उंच टोक. तिथे तिचा हात थांबला.

दादा हसला. "अगं, तुझी कर, तुझी." मी हसले नाही. त्या क्षणी सर समोर असते तर मी काय केलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेच्या हजेरीवर ही एकोणीस वर्षं नुसती आद्याक्षरं टाकत होती, बँकेत अंगठ्याएवढ्या चौकटीत काहीतरी गिरवत होती. पूर्ण नावाची सही तिने शेवटची कधी केली होती ते तिला आठवेना, आणि मलाही.

मी ते पान पुन्हा छापून आणलं. तोवर तिने एका कोऱ्या कागदावर आपलं नाव लिहून बघितलं होतं. एकेक अक्षर सुटं, नीट, फळ्यावर लिहिल्यासारखं. त्याखाली पुन्हा. त्याखाली पुन्हा. कागद तिने माझ्याकडे सरकवला.

"बघ गं. यातली कुठली माझी वाटते?"

रोज पन्नास सह्या बघते मी. कागद बराच वेळ हातात धरून बसले. एकही वाटत नव्हती.

"काढत राहा," मी म्हणाले. "दुपारपर्यंत वेळ आहे."